काना द्यायचा राहिलाय

मी, प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका, वय ५६, धंदा नोकरी, राहणार शाळेमागची खोली. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. शाळेत दुसरे शिक्षक नाहीत. गावाजवळची खाण बंद पडल्यापासून माणसे कामासाठी शहराकडे गेली, त्यांच्याबरोबर मुलेही गेली. सध्या पटावर सहा मुले आहेत. पट कमी म्हणून शाळा बंद करून मुलांना फाट्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवावे, असा आदेश आला होता. तो मी पालकांना वाचून दाखवला होता.

यातील आरोपी बाई गावात सुईण होत्या. सगळे त्यांना आजी म्हणतात. त्यांचा नातू माझ्याकडे शिकत होता. तो आईबापाबरोबर शहरात गेल्यावर आजी एके दिवशी वर्गात येऊन त्याच्या जागेवर बसल्या. म्हणाल्या, "जागा रिकामीच आहे ना? पोरगा फोनवर काहीबाही लिहून पाठवतो. दुकानदाराकडून वाचून घ्यावं लागतं. तो मेला आधी स्वतः हसून घेतो, मग मला सांगतो." मी बसू दिले. पुढे खाणीवरचा जुना ट्रक ड्रायव्हर आणि दुकानदाराची बायकोही येऊ लागले. मी त्यांना स्पष्ट सांगितले की तुमच्या येण्याने शाळा वाचणार नाही, तुमची नावे पटावर धरत नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, "माहीत आहे बाई. शिकवा तुम्ही." बोगस विद्यार्थी दाखवल्याचा आरोप खरा नाही. मी त्यांची हजेरी कधीच लावली नाही.

आज सकाळी शिक्षण खात्याचे साहेब कुलूप घेऊन आले. बाके न्यायला टेम्पो होता. मागे बसलेल्यांना बघून ते म्हणाले, "बाई, हा वर्ग आहे का वृद्धाश्रम?" त्यांनी खोली रिकामी करायला सांगितली. मुले उठली. मोठी माणसेही उठली. आजी उठल्या नाहीत. त्या पाटीवर स्वतःचे नाव लिहीत होत्या. माझी मदत न घेता पहिल्यांदाच लिहीत होत्या.

साहेब त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "आजी, उठा आता."

आजी म्हणाल्या, "थांब की रे बाबा, काना द्यायचा राहिलाय."

साहेबांनी पाटी धरली. आजींनी सोडली नाही. ओढाओढीत पाटीचा कोपरा साहेबांच्या भुवईला लागला आणि रक्त आले. जाणूनबुजून मारले का, असे मला विचारण्यात आले. मारले नाही. साहेबांनी सोडली असती तर लागले नसते. आजींनी सोडली असती तरी लागले नसते.

मी साहेबांची जखम धुऊन रुमाल बांधला. तेव्हा ते रागावलेले नव्हते. "मलाही वरून सांगतात हो बाई," एवढेच म्हणाले. मी हो म्हटले. तक्रार द्यायचे केव्हा ठरले, ते मला माहीत नाही.

बाके टेम्पोत भरायला ड्रायव्हरने हात लावला. त्याला कोणी सांगितले नव्हते. मुलांना मी घरी पाठवले. मोठ्या शाळेची बस फाट्यापर्यंतच येते. मध्ये ओढा आहे. दोघांना सोडायला घरी माणूस आहे, ती जातील. बाकीच्यांचे सांगता येत नाही. मला सोमवारी तिकडे रुजू व्हायचे आहे. मी होणार आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. आजींना सकाळपासून बाहेरच्या बाकड्यावर बसवले आहे, त्यांना घरी सोडावे, अशी विनंती आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "जमाव" असा शब्द आला. तो मी उच्चारला नव्हता. हवालदारांनी तो खोडून माझ्या सांगण्यावरून "वर्ग" असा केला. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.