कंपनीची गोळी

नाही म्हणजे नाही, भाऊराव! तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी, सत्यनारायण करा, शिरा वाटा — पण ते शाल-नारळ मला नको. काय एवढं केलंय मी? समोरच्या जयंतीवहिनींना महिन्यातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो, बस्स. आणि शाल कोण घालणार म्हणालात? वहिनी? स्वतःच्या हातानं? अहो, त्यांना माझा खांदा तरी दिसणार आहे का! चाचपडत घालतील न् तुम्ही सगळे टाळ्या पिटाल — नको हो, नको.

विनय कसला डोंबलाचा! चहा घ्या, निवतोय. मी अंधेरीच्या कारखान्यात केमिस्ट, ठाऊकाय ना — जुलाब थांबवायची गोळी बनवतो आम्ही. क्विनोलिनचं खानदान, मलेरियाच्या गोळीची चुलतबहीण म्हणा. ग्लिसरीन, गंधकाचं आम्ल न् बाकीचा माल तापवायचा, क्विनोलिनचा सांगाडा उभा राहिला की त्यावर क्लोरीन, मग आयोडीन — माझे सगळे शर्ट डागाळलेले, हिला विचारा. स्टाफला गोळ्या फुकट, मी बाटली भरून आणायचो. अख्ख्या बिल्डिंगचं पोट माझ्याकडे! तुम्हीही नेल्यात की, गोराईला मासे चापून आलात तेव्हा. तुम्ही दोन घेतल्यात न् विसरलात. वहिनींचं पोट नाजूक — ऐंशी सालापासून दोन वर्षं, रोज. बाहेरचं खाल्लं तरी गोळी, नाही खाल्लं तरी गोळी. मीच द्यायचो — 'घ्या हो, कंपनीची आहे, भेसळ नाही!'

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. मी म्हटलं, बी-कॉम्प्लेक्स घ्या. मग ब्लाउज शिवताना सुईत दोरा जाईना — म्हटलं, चाळिशी लागली, चष्मा करा. आणि गोळी चालूच... मला काय माहीत? माहीत होतं, भाऊराव! लॅबमध्ये मासिक येतं, त्यात छापलं होतं — जपाननं ही गोळी कधीच बंद केली, पाय जातात, डोळे जातात. मी वाचलं होतं हो. साहेब म्हणाले, ते लोक मूठमूठ खातात, आपल्याकडे काय होतंय! मला पटलं. म्हणजे, पटवून घेतलं. आणि आता डॉक्टर दर खेपेला विचारतात, आधी काय औषधं घेत होत्या? वहिनी माझ्याकडे तोंड करतात — तुम्हीच सांगा भाऊजी. मी सांगतो, विशेष काही नाही.

असे बघू नका माझ्याकडे. ती बाटली? आता तिच्यात साधं कॅल्शियम आहे. गोळी बंद करा म्हटलं की का ते सांगावं लागणार ना — म्हणून त्याच बाटलीतून खडू देतो. त्यावरही म्हणतात, तुमच्या गोळीनंच बरं वाटतं हो भाऊजी. लाज वाटते मला, भाऊराव, जेवण जात नाही.

काय? निरोप? वहिनींचा? येताना भाऊजींकडून दोन गोळ्या घेऊन या म्हणाल्या...?

नाही, बाटलीला हात लावू नका. ठेवा ती. मी जातो — रिकाम्या हातानं जातो. दार उघडंच असेल त्यांचं. तुम्ही कशाला येताय? घरी जा, भाऊराव. जा म्हटलं ना!