वाळू खाली पडेपर्यंत

— नाही काका, तुम्ही काही बोलू नका, नुसती मान हलवलीत तरी कळतं मला. बोललं की प्रेशरचा आकडा चढतो. पाय खाली टेकवा, एकावर एक नको. पाठ खुर्चीला. हात टेबलावर सैल सोडा, मूठ नको — हं, असा. आता ही वाळू सगळी खाली पडेपर्यंत तुम्ही गप्प आणि मीही गप्प, मग पट्टा बांधायचा. हे वाळूचं घड्याळ आमच्या मोठ्या बाईंनी दिलंय, आरोग्य केंद्रातल्या बाकी कुणालाच नाही, फक्त मला. का दिलं माहितीये — बघा, बोललेच मी. थांबा, उलटं करते. पहिल्यापासून.

तुम्ही ऐका नुसतं, ऐकून काय चढतंय — की चढतं? तेच तर झालंय ना सगळं. बाई म्हणाल्या, तुझ्याच गल्लीत घरोघरी प्रेशर वाढलेलं कसं गं, पलीकडच्या गल्लीत दुसरी जाते तिथे तर माणसं ठणठणीत आहेत. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. मशीन बदलून दिलं. तरी तेच. मग एक दिवस त्या माझ्या मागोमाग आल्या, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंकडे. दारात उभ्या राहून बघत होत्या, मला पत्ताच नाही, आणि एकदम खांद्यावर हात ठेवला — मी अशी उडाले की मशीन हातातून सुटून शिंपीणबाईंच्या मांडीवर. बाई शांतपणे म्हणाल्या, "मशीन चांगलं आहे. तुझी जीभ थांबत नाही. तुझ्या पोटातली भीती तू लोकांच्या दंडात भरतेस." मग स्वतः बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि शिंपीणबाईंचा आकडा कसा अगदी हवा तसा. निम्मी गल्ली बरी झाली हो, काका, मी तोंड मिटल्यावर. शिंपीणबाई अजून म्हणतात, आली बघा, रोग लावणारी आली.

म्हणून तर आले ना मी आज, सुट्टीच्या दिवशी. तुमचे आधीचे दोन्ही आकडे वर होते, पण ते घड्याळ मिळायच्या आधीचे. माझ्या बडबडीचे असतील ते. असणारच. कारण आजही वर आला तर मला बाईंना सांगावं लागणार, बाई शाळेला सांगणार, आणि उद्यापासून तुमच्या शाळेच्या गाडीवर दुसरा कुणीतरी. तुमच्या गाडीवर! मला ती कल्पनाच करता येत नाही. मी चढायचे ना त्या गाडीत, दप्तर पोटाशी धरून, पुढची खिडकीची जागा माझी. मोठ्या मुली चिडायच्या, हिलाच का पुढे, तर तुम्ही म्हणायचात, ती माझी कंडक्टर आहे. आणि हॉर्न वाजवायच्या आधी तुम्ही आरशातून माझ्याकडे बघायचात. तेवढंच. तुम्ही बघितलं की मी कान झाकायचे, मग हॉर्न. वर्षानुवर्षं, एकदाही न चुकता. मी हॉर्नला घाबरते हे घरी कुणाला कळलं नव्हतं, माझ्या आईलासुद्धा, आणि तुम्हाला —

वाळू संपली की. छे, ही वाया गेली, मी बोलत होते. परत उलटं करते. आता खरंच गप्प.

फक्त एक विचारू? नाही, उत्तर नको. मागच्या आठवड्यात पुलाच्या अलीकडे तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. माझी भाची असते ना तुमच्या गाडीत, ती घरी येऊन म्हणाली, ड्रायव्हरकाका टायर बघायला उतरले पण टायरकडे बघितलंच नाही, गाडीला धरून उभे राहिले. मी तिला म्हटलं, काकांना लांबूनच कळतं टायरचं. ती हसली. मी नाही हसले. रात्रभर तो पूल डोळ्यांसमोर, आणि पुढच्या जागेवर ती — आता तीच बसते तिथे, तुम्हीच दिलीत तिला ती जागा. हात, हात सैल सोडा ना काका. मी तुमच्यावर काही आळ घेत नाहीये. प्रेशर काय कुणालाही होतं, गोळी घेतली की राहतं ताब्यात, पण सकाळची गोळी तुम्ही रोज कुंडीत थुंकून टाकायला लागलात तर मग —

आई गं!

काय पडलं आत? काकू? झाकण का. असू दे, असू दे.

हे मी बोलायला नको होतं. काकू, मी चुकले हो. शप्पथ घातली होती तुम्ही मला. काका, त्यांच्याकडे असं बघू नका, चहाडी नाही केली त्यांनी, बाजारात पिशवी खाली ठेवून रडल्या त्या. त्यांनीच सांगितलं ते गोळीनं सारखी लघवी होते ते, आणि पोरांनी भरलेली गाडी रस्त्यात सोडून तुम्ही जाणार कुठे. खरंच आहे, कुठे जाणार? मला का नाही सांगितलंत? — कळलं. कालची पोर ती, तिला काय सांगायचं. आणि मीही कधी विचारलं नाही, मलाच लाज. कॉलेजात मूत्रपिंडाची आकृती काढून पैकीच्या पैकी घेतले आणि तुमच्यासमोर लघवी हा शब्द तोंडातून निघेना. गोळीची वेळ बदलता येते का, दुसरी मिळते का, हे डॉक्टरांना विचारायचं, एवढंच तर होतं. उद्या आपण जाऊ. मी विचारते, तुम्ही नुसते शेजारी बसा.

पण आधी हे. उलटं करते. आता शेवटचं.

…

…

झालं. पट्टा बांधते. बोलू नका.

…

काका, मला मनापासून वाटत होतं की तो आकडा माझ्या बडबडीचाच असावा. आता तर मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

नाही, अजून मशीन बघू नका. इकडे, माझ्याकडे बघा. हॉर्नच्या आधी तुम्ही आरशातून बघायचात तशी मी बघतेय.

आता फिरवते तुमच्याकडे.