वागळीचा खडप आणि आमचो जुनो कॉम्प्युटर

मी मूळची तोंडवलीची. बापूस रापणीक, किनाऱ्यासून जाळा ओढूक, जायचो, आवस मासळीची पाटी घेवन दारोदार फिरायची, आणि आमी दोघी बहिणी, मी थोरली आणि लता धाकटी. माझी शाळा दहावीक सुटली, लता मात्र फुडे शिकली, कॉम्प्युटर दुरुस्तीचो कोर्स केल्यान, आता गोव्यात म्हापशाक एका दुकानात ताच काम करता, तिका विचारल्याशिवाय मी आजून एक वायर पण हलवणंय नाय. माका हंय तारकर्लीत दिल्यानी. तेव्हा हंय माड आणि होड्ये, दुसरा काय नव्हता, आता तुमी बघतासच.

आमच्या ह्यांची होडी आधी मासे मारायची, मगे माणसां फिरवूक लागली. आणि आमच्या वाडीतलो सुभाष, माझो दीर लागता नात्यान, तो लोकांका पाण्याखाली घेवन जाता, एका हातात तेंचो हात आणि दुसऱ्या हातात क्यामेरो. वर इल्यार लोकांका आपलो व्हिडिओ होयो असता, तो कापून, जोडून, वर गाणा घालून देवचा काम माझा. मी पयली तेच्याकडे पावण्यांचे ओले कपडे धुवून वाळत घालायची, काय सांगू तुमका, आणि व्हिडिओ करणारो जो होतो तो गोव्याक गेलो, दुसरो कोण गावाना, तर सुभाष म्हणालो, वयनी, तू बसान बघ. बसलंय. माउस धरूक शिकलंय आणि जमला. कॉम्प्युटर खंयच्यातरी हापिसातसून भायर काढलेलो, जुनो, पण माझा तेच्यावर भागायचा.

तर झाला काय, सुभाषान क्यामेरो नवीन घेतल्यान. चित्र एकदम स्वच्छ, पण आमच्या कॉम्प्युटरवर लावल्यार माणूस पाण्यात हात हलवता तो हात थंयच अडाकता, आवाज फुडे जाता आणि चित्र मागे रवता. मी लताक फोन केलंय. ती म्हणाली, ताय, नवो क्यामेरो चित्राची घडी नव्या तऱ्हेन घालता, तुझ्या कॉम्प्युटराक ती घडी उलगडूक येणा नाय, तेका ग्राफिक्स कार्ड होया. तिणाच पसंत करून एका ओळखीच्या माणसावांगडा धाडून दिल्यान, आणि म्हणाली, बसय तूच, मी फोनवर सांगतंय.

आता ह्या नुसत्या धंद्याचा असता तर मी इतका सांगलंय नसतंय. आमच्या सासऱ्यांका, आमी तेंका मामंजी म्हणताव, काचबिंदू झालेलो. समोरचा नळीतसून बघल्यासारखा तेवढा दिसायचा, बाजूचा सगळा काळा. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस राहील ते सांगता येणार नाही. मामंजी घराक येवन पेज जेवले आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, जावन बसले.

त्याच दिवसांत सुभाष एकदा घराक इलो नि बोलता बोलता म्हणालो, हल्ली आमी पावण्यांका वागळीच्या खडपाकडे, त्या पाण्याखालच्या कातळाकडे, न्हेताव, थंय मासे खूप. मामंजींनी मान वर केली. म्हणाले, थंय? हौसेन? सुभाषाक तेव्हा आठवला.

तुमका सांगूक होया ता. मामंजींचे थोरले भाव, गोविंद, त्या खडपाकडे गेले. जाळा खाली अडाकला म्हणान सोडवूक बुडी मारल्यानी, ते वर इले नाय. मामंजी तेव्हा होडीतच होते, दोरी धरून, नुकती मिशी फुटलेली. मेलेलो भाव दुसऱ्या दिवशी किनाऱ्याक लागलो, पण खाली काय होता, कशात अडाकले, ता कोणी बघूक नाय. ही गोष्ट माका सासूबायनी सांगलेली, मामंजींच्या तोंडातसून मी कधी आयकूक नाय.

तर मामंजी सुभाषाक म्हणाले, तुझ्या क्यामेऱ्यात ता खडप आसा? तो म्हणालो, आसा. माका दाखव. सुभाषान फोन काढून दाखवल्यान, पण फोनावर तेंका काय दिसणार, चार बोटांची काच, ते म्हणाले निळा दिसता, दुसरा काय नाय. मोठ्यार लावूया तर आमचो टीव्ही तो व्हिडिओ घेय ना, आणि कॉम्प्युटरवर तर सांगलंय तसा, अडाकता. मी म्हटलंय, मामंजी, कार्ड इलेला आसा, वायच थांबा. ते म्हणाले, मी थांबान गो. माझे डोळे थांबूक होये.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटराची पेटी उघडून बसलंय, फोन उंबऱ्यावर ठेवलंय, त्यावर लता. पयला म्हणजे कार्ड बसाच ना. लांब, फुडे हार्डडिस्क आडवी येय. लता म्हणाली, ती काढ आणि खालच्या खणात सरकव. सरकवलंय. कार्ड खट करून बसला. बटन दाबलंय तर पंखे फिरतत आणि पडदो काळो. मी म्हटलंय, लता, जळाला गो. ती म्हणाली, ताय, मॉनिटरची वायर खंय लावलंस? म्हटलंय, असता थंयच. ती हसाक लागली, म्हणाली, ती जुनी जागा, आता कार्डाच्या पाठीक लाव. लावलंय तर चित्र इला. मी तशीच उठान मामंजींका हात धरून हाडलंय, खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ठेवलंय, आमचे हे पण येवन मागे उभे रवले.

व्हिडिओ चालू केलंय. होडी दिसली, पाणी दिसला, सुभाष खाली जाता, बुडबुडे, आणि काय अडाकना नाय, एकदम सरळ. मामंजी म्हणाले, हा, दिसता. आणि रेती सुरू झाली, फुडे काळा कायतरी दिसाक लागला, आणि फट करून सगळा बंद. पंखे पण बंद. परत चालू केलंय, परत थंयच बंद. तीन-चार वेळा तसाच. खडपाच्या तोंडाक जाता आणि मरता. मामंजी उठले, भिंतीक हात लावत भायर गेले, जाताना म्हणाले, रवांदे, मनीषा. तो दाखवूक देणा नाय.

तो म्हणजे कोण, समुद्र काय देव, ता माका विचारूक धीर झालो नाय. आमचे हे म्हणाले, माझा ऐक, आता परत तेंका त्या खुर्चीत बसवू नको. मी म्हटलंय, बरा. पण माका झोप लागाक नाय त्या रात्री, उठल्यार लताक फोन.

लता म्हणाली, मोठा चित्र उलगडताना कार्ड जास्त वीज मागता, तुझी जुनी पॉवर सप्लायची पेटी तितकी देवक शकणा नाय, म्हणान ती बंद पडता, ह्येच्यात देवाचा काय नाय. मी नवीन घेवन येतंय. आणि दुकानात सुट्टी मागून ती स्वताच बसली गाडीत. गोव्याच्या हद्दीवर, इन्सुलीच्या नाक्यावर तिची बॅग उघडल्यानी, थंय गोव्याची दारू बघतत ना, आणि बॅगेत ही लोखंडी पेटी, भायर वायरींचो झुबको. पोलीस म्हणालो, हे काय आहे बाई? ती म्हणाली, साहेब, कॉम्प्युटरला वीज देणारी पेटी आहे, बहिणीच्या सासऱ्यांना समुद्र दाखवायचा आहे. तेणां काय समाजल्यान देव जाणा, पण सोडल्यान.

तिणा पेटी बदलल्यान, आणि बटन दाबल्यान तर परत पडदो काळो, वर बीप बीप असो आवाज. मी कपाळाक हात लावलंय. लता मात्र कान देवन आवाज आयकत बसली. मगे मेमरीची पट्टी काढून उजेडात धरल्यान आणि माका दाखवल्यान. दातांवर हिरवट बुरो चढलेलो. खाऱ्या वाऱ्याचो. म्हणाली, आधीच सैल होती, पेटी बदलताना हलली आणि सुटली. खोडरबर आसा घरात? खोडरबर खंयचो घरात, पोरगी लग्न होवन गेली. शेजारसून हाडलंय. तिणा पट्टी घासल्यान, कार्डाचे दात घासल्यान, फुकून बसवल्यान. चालू झाला. तिणा म्हटल्यान, आता लगेच कोणाक बोलाव नको, आधी आपण बघूया. आमी दोघींनी तो व्हिडिओ अख्खो बघलाव, परत परत, पेटी गरम झाली काय हात लावन बघलाव. बंद पडलो नाय.

मामंजी येवचे नाय म्हणाले. लता खळ्यात जावन तेंच्या बाजूक बसली. काय बोलली ता माका ठावक नाय, पण वायच वेळान ते उठले आणि तिच्या खांद्यार हात ठेवन आत इले.

रेती गेली, आणि खडप इला. आमका वाटलेला मोठा घराएवढा असतला. तर इतकासाच, आमच्या खळ्यातल्या तुळशीपेक्षा वायच मोठा, वर शेवाळा, फटीतसून पिवळे मासे जातत येतत, आणि एका बाजूक जाळ्याचे तुकडे लोंबकळतत, कोणाचे कोण जाणा. मामंजींचा नाक पडद्याक लागाक इलेला. म्हणाले, थांबव. थांबवलंय. तेंनी बोट लावल्यानी जाळ्याच्या तुकड्याक, आणि म्हणाले, ह्याच? मी म्हटलंय, ह्याच, मामंजी. ते म्हणाले, इतकाच?

बोट थंयच होता. आमचे हे दारात उभे होते, ते तोंड फिरवून भायर गेले. मगे मामंजी म्हणाले, चालू कर, मासे बघूया. आणि व्हिडिओ संपासर बघल्यानी. जेवताना आपणहून म्हणाले, गोविंद पाण्यात पोवणारो माझ्यापेक्षा बरो होतो. इतक्या वर्षांत ह्या घरात पयल्यांदा मी ता नाव तेंच्या तोंडातसून आयकलंय. मगे सुभाषाक सांगल्यानी, थंय पावणे घेवन जाशीत तेव्हा एक नारळ सोड, आणि पावण्यांका काय सांगा नको, ते हौसेन येतत.

पावसात तेंची नजर गेली, आता उजेड तेवढो कळता. कुरकुर नाय करनत. लताक देव बरी ठेवंदे, कार्ड चलता, नवे व्हिडिओ जातत. मी काम करीत असलंय काय मामंजी बाजूक येवन बसतत, विचारतत, आज काय इला? मी दिसता तसा सांगतंय, रेती आसा, एक कासव गेला, पाणी जरा गढूळ आसा, एक बाय घाबरली, सुभाषान तिचो हात घट धरलेलो आसा. ते ऐकान घेतत. मगे म्हणतत, बरा, आता तुझा काम कर गो, ती माणसां वाट बघत आसतली.