नवरीचा कडा

(गाडीतळावर उभी जीप. प्रवासी कड्यावर फोटो काढायला गेलेत. गाडीत दोघंच: प्रवाशांना फिरवणारा मुलगा आणि शहरातून डोळे तपासून परतणारी त्याची आई.)

आई : काच खाली कर थोडी. वारा येऊ दे.

मुलगा : आई, बोल काहीतरी. शिव्या दे हवं तर.

आई : शिव्या कशाला? छान सांगतोस की. धबधब्यापाशी म्हणालास, इथे अंघोळ केली की माणूस दहा वर्षांनी तरुण होतो. म्हटलं, हा तर जन्मापासून तिथेच डुंबतोय, मग टक्कल कसं पडलं?

मुलगा : धबधब्याचं नाही गं म्हणत मी.

आई : ठाऊक आहे.

मुलगा : कडा टाळणारच होतो. खाडीतली खारफुटी आणि दीपगृह दाखवून तुला आधी घरी सोडायचं ठरवलं होतं. पण मागच्या सीटवरच्या बाई ऐकेनात. नवरीचा कडा बघितल्याशिवाय जायचं नाही म्हणे. आणि ते वळण आलं की माझं तोंड आपोआप सुरू होतं. तू शेजारी बसलीयेस, हे ध्यानातच राहिलं नाही.

आई : शालू कुठल्या रंगाचा म्हणालास?

मुलगा : हिरवा.

आई : लग्नाच्या रात्री हिरवा शालू नेसून पळाली, प्रियकराची होडी बुडताना पाहिली आणि इथून उडी टाकली. माझी पोर.

मुलगा : मी नाही रचलं ते. कुणीतरी ऐकीव काहीबाही कड्यावरच्या फलकावर लिहून ठेवलंय. लोक तेच वाचून येतात. खरं सांगितलं तर…

आई : तर काय?

मुलगा : ताई करडू शोधत आली, शेवाळावरून पाय घसरला. एवढंच. त्यासाठी कोण जीप करून येणार?

आई : एवढंच. खरं आहे.

मुलगा : तसं नव्हतं म्हणायचं मला.

आई : मला वाटायचं, तू विसरलास तिला. लहान होतास. विसरलाय तर विसरू दे, बरंच आहे, असं वाटायचं.

मुलगा : विसरेन कसा? पण घरात नाव तरी काढता आलं का कधी? बाबांनी तिचे कपडे बांधून कुणाला तरी देऊन टाकले. मी एकदा जेवताना नुसतं ‘ताई’ म्हणालो, तर तू ताटावरून उठून गेलीस.

आई : देवापुढे रोज घेते रे तिचं नाव. अजून चुकले नाही.

मुलगा : मनात घेतेस. मला कुठे ऐकू येतं ते? इथे निदान कुणी ना कुणी विचारतं. कशी होती, कुठून पडली. खोटं तर खोटं, पण तिच्याबद्दल बोलायला मिळतं… रडतेस?

आई : नाही. डोळ्यांत औषध घातलंय डॉक्टरांनी.

मुलगा : उद्यापासून नाही सांगणार. तुझी शपथ.

आई : शपथ नको. इतकी वर्षं न सांगूनच पाहिलं ना आपण? सांग. पण तिचं सांग.

मुलगा : बाई आल्या.

पाहुणी : उशीर झाला, माफ करा हं. खाली बघतच राहिले. दादा, खरं असेल का हो ते? त्या नवरीचं?

मुलगा : ते, म्हणजे असं आहे की…

आई : नवरी नव्हती हो ती. शाळेत जायची. करडू हरवलं म्हणून शोधत आली होती. पाय घसरला.

पाहुणी : अरेरे. आणि करडू?

आई : ते आपलं आपण घरी आलं.

पाहुणी : आजी, तुम्ही ओळखत होता तिला?

आई : तिची वेणी मी घालायचे.