पॉलच्या वाडीतले मुनवे

शर्ली: पप्पा, कुदळ खाली ठेवा आधी. हे पान बघा. काठाला पिवळं पडलंय आणि शेंड्याला सगळी पानं गुच्छासारखी दाटलीत. याला आता घड धरणार नाही.

पॉल: पाणी कमी पडलं असेल.

शर्ली: रोग आहे हा. लॅबमध्ये मी दिवसभर केळीच बघते. सकाळपासून तुमची सगळी वाडी फिरले, धड झाड एक नाही.

पॉल: तुमच्या लॅबनंच आणला असेल. बाटलीत झाडं वाढवता, एकासारखं एक. त्या केळ्याला चव तरी असते का? मेण खाल्ल्यासारखं लागतं. आमची राजेळी केळ आईच्या अंगातून येते.

शर्ली: मग मुनवा म्हणजे काय, पप्पा? आईच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, तिची हुबेहूब नक्कलच ना? आजोबांनी लावलेलं तेच एक झाड तुम्ही पुन्हा पुन्हा लावताय. आईत रोग असला तर मुनव्यातही येतो. आम्ही तपासून मग बाटलीत घालतो, एवढाच फरक.

पॉल: म्हणजे जन्मभर मी नक्कलच खाल्ली.

शर्ली: खाल्लीत त्याचं काही नाही. कुणाकुणाला दिलेत ते सांगा.

पॉल: मुनवे आपण विकत नाही, तुला ठाऊक आहे. कुणाचं लग्न असलं, कुणी नवी वाडी धरली, की पाच द्यायचे. रोझलिनच्या सासरी दिले. चर्चच्या आवारात लावले. आणि गेल्या पावसाळ्यात क्लाराला चाळीस.

शर्ली: चाळीस?

पॉल: ती तुमच्याकडचीच रोपं घेणार होती. मी म्हटलं, एकटी बाई, केळी वाळवून सुकेळी विकते, त्यावर घर चालतं तिचं, बाटलीतलं कशाला लावतेस. मीच नको म्हणायला लावलं.

(फाटक वाजतं. क्लारा आत येते.)

क्लारा: पॉलकाका, बरं झालं घरी भेटलात. माझी केळी नुसती खुरटलीत हो. एकाला घड नाही. माझ्याच हाताला गुण नाही, दुसरं काय.

शर्ली: क्लारा आन्टी, बसा ना.

क्लारा: बसत नाही गं. सगळी उपटून पुन्हा लावणार आहे. काका, आणखी चाळीस मुनवे द्याल? वीस दिलेत तरी चालतील.

शर्ली: पप्पा, तुम्ही सांगताय की मी सांगू?

पॉल: मी सांगतो. क्लारा, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. रोग माझ्या वाडीतून आला तुझ्याकडे. माझ्या मुनव्यांतून.

क्लारा: असं कसं म्हणता, काका? त्यातले दहा मी माहेरी दिलेत.