दारात चेंगरलेली वायर

सकाळी सव्वाअकराला, दादा. तेव्हापासूनच ही वायर बिघडली. नक्की आठवतं, कारण चिमणीच्या औषधाची वेळ ती — चमच्यात औषध ओतलं, मागे वळले तर पोरगी जागेवर नाही. नुकती कुठे रांगायला लागलेली! धावले तर न्हाणीघरात, गुडघ्यांवर उठून दोन्ही हात बादलीत, डोकं पाण्यावर वाकलेलं. आणखी जरा उशीर झाला असता तर — जाऊ दे, बोलवत नाही. तिला उचललं आणि न्हाणीघराकडच्या बोळाचं ते दार धाडकन लावलं. बसेना, म्हणून खांद्याने रेटलं. खाली वायर आहे हे मला काय — नाही, माहीत होतं. खोटं कशाला बोलू? ह्यांनी वायर टाकली तेव्हाच बजावलं होतं, हे दार लावायचं नाही. एकदाच लावलं, दादा. म्हणजे त्या दिवशी एकदा. मग रोजच. हे बाहेर पडले की लावायचं, जिन्यात चपला वाजल्या की उघडायचं.

तुमच्या त्या यंत्रावर आठ दिवे लागायला हवेत ना? सहाच लागतायत. आतल्या दोन तारा तुटल्या, एवढ्यानेच सगळं असं रखडतं? समारंभांचे व्हिडिओ जोडायचं काम ह्यांचं — मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून ह्याच वायरीने बाहेरच्या खोलीतल्या साठवणीच्या पेटीत पाठवायचे. पूर्वी चहा उकळेस्तोवर जायचे. आता स्वयंपाक होतो, जेवणं होतात, भांडीसुद्धा होतात, तरी ती हिरवी पट्टी आपली मुंगीच्या पावलाने. गिऱ्हाइकं तोंडावर बोलायला लागली. ह्यांनी पेटी बदलली, कॉम्प्युटर पुसून नव्याने भरला, सगळं केलं — वायर तेवढी बघितली नाही. आणि शेवटी खापर फोडलं धाकट्या भावावर. माझे दीर हो. दिवसभर सिनेमे उतरवतो म्हणून सगळं अडतं म्हणे! भरल्या ताटावर बोलले — "माझ्या पोटावर पाय देतोस आणि माझ्याच घरात जेवतोस?" भाऊजी उठले, हात धुतले, पिशवी भरली, गेले.

मी? मी चिमणीला भरवत होते. तोंड भरलेलं होतं तिचं, तरी चमचा पुढे करतच होते.

आणि भाऊजींना माहीत होतं, दादा! दार रेटलं तेव्हा ते बोळातच होते. "वहिनी, वायर!" म्हणाले. मी खेकसले, "वायर मोठी की पोरगी?" गप्प झाले. ताटावरही गप्पच. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे, बस्स.

वायरीचं काय हो, हे ओरडले असते आणि विसरले असते. पण दार का लावलं, असं विचारलं असतं ना — मग बादली आली. बादलीचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. आणि आता बघा, तुमच्यापुढे बोलून बसले.

उंदराने कुरतडली म्हणून सांगाल का, असं विचारणार होते मघाशी. नको. तुम्ही नवी वायर दारावरून न्या, वरून, म्हणजे दार लावता येईल. ह्यांना मी सांगते. बादलीसकट.

तुमच्या दुकानासमोर छापखाना आहे ना? तिथेच कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपतात भाऊजी. माझा फोन उचलत नाहीत. त्यांना सांगा, वायर दारात चेंगरलेली निघाली. वहिनीने घरात सगळं सांगितलं म्हणावं — हो, तुम्ही पोचेपर्यंत सांगितलेलं असेल. चपला वाजल्या, आले हे. नाही, दार राहू दे तसंच. लावलेलंच राहू दे. नवी वायर घेऊन मग या, आता निघा तुम्ही. पण आधी छापखान्यात जा, दादा — सांगाल ना एवढं?