डाळिंबाच्या साली आणि आमचे हे

नाही, माणसाला नाद असावा, पण उकिरड्याचा?... उकिरडाच म्हणायचा, दुसरं काय! तुम्हाला सांगते, ज्या घरात खुर्चीवर डाळिंबाच्या साली वाळतात आणि पाहुणे उभे राहतात, त्याला आणखी काय म्हणणार? पण शब्द तोंडातून निघायचा अवकाश, आमचे हे गरजलेच, "कचरा म्हणायचं नाही!"

जन्म गेला ना प्रयोगशाळेत! रसाच्या कारखान्याने फेकलेल्या साली आणायच्या, वाळवायच्या, दळायच्या, स्पिरिटात भिजवायच्या, गाळायच्या, मग स्पिरिट उडवायचं... आणि तळाशी काय उरणार, तर तपकिरी चिकटा! त्यात म्हणे जखम भरून काढायचा गुण. अहो, पण तेवढ्यासाठी माझी उशी का सालींखाली? "कचरा म्हणायचं नाही!"

मग नवे साहेब आले. वयाने ह्यांच्या निम्मे. "काका, ह्यात काही दम नाही, बंद करा." आणि ह्यांच्या डोळ्यांदेखत सगळ्या बाटल्या मोरीत! त्या दिवशी हे जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडले. मी आपली समजूत घालायला गेले, "जाऊ द्या हो, कचराच तो." तर इतकं हळू म्हणाले, "कचरा म्हणायचं नाही गं..." ओरडले असते तर बरं वाटलं असतं मला!

झालं! सगळा पसारा आमच्या ओट्यावर! कोपऱ्यावरचा रसवाला सालींची पोती बांधून द्यायचा. एकदा मलाच विचारतो, "वहिनी, शेळ्या किती पाळल्यात?" म्हटलं, "एकच आहे, पण ऐकत नाही!"

हसा, हसा... त्या दुपारी ह्यांनी पातेल्यात पाणी उकळलं, गॅस बंद केला, त्यात स्पिरिटाचं भांडं ठेवलं. म्हटलं, "अहो, बाहेर करा." "अगं, जन्मभर हेच केलंय!" केलंय हो, पण तिथे बंद काचेच्या नळ्या होत्या, वाफ कोंडलेली असायची, इथे ती घरभर! पाणी निवलं, काम अर्धवट... आणि ह्या शहाण्या माणसाने काडी ओढली!

भडकाच उडाला! कोपरापर्यंत दोन्ही हात भाजून निघाले. मी ओली चादर टाकतेय, आणि हे ओरडतायत काय, "भांडं सांडेल, भांडं!"

आता दवाखान्यात पट्ट्यांत गुंडाळून पडलेत. घास मी भरवते. काल विचारतात, "तळाशी काही उरलं होतं का गं?" काय उरणार? कोळसा! मीच तारेच्या घासणीने खरवडून टाकला. पण सांगितलं, "हो, झाकून ठेवलंय." तेव्हा कुठे दोन घास गेले.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मांडीची कातडी काढून हातांना लावू. बोटं पूर्वीसारखी वळतील, असा शब्द नाही देत. तुम्हाला काही विचारायचंय?"

काय विचारू? म्हटलं, "बाई, काढा लागेल तेवढी... फक्त उरलीसुरली फेकू नका. शुद्धीवर आले की मागतील!"